डोकेदुखीवर इलाज शोधणारा माणूस : माइंडफुलनेसचा थोडा इतिहास

८ फेब्रुवारी २००९ रोजी मुंबईजवळ गोराई इथे ग्लोबल विपश्यना पगोड्याचं उद्घाटन झालं. मधे एकही खांब नसलेल्या या घुमटाखाली एका वेळी सुमारे आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. उद्घाटन केलं तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी. प्रतिभाताईंचं जन्मगाव आपल्या बोदवड तालुक्यातलं नाडगाव, हे इथे कुणाला सांगायची गरज नाही. पण हा पगोडा ज्यांच्या कल्पनेतून उभा राहिला, ते सत्यनारायण गोयंका ध्यानाकडे कसे वळले, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्यांना वैराग्य वगैरे काही आलं नव्हतं. त्यांचं डोकं दुखत होतं.

ही गोष्ट आज सांगायचं कारण तुम्हीच विचारलेला एक प्रश्न आहे. कुणाला अर्धशिशी असते, कुणाला झोप येत नाही, कुणाचं बीपी वाढलेलं असतं. मोबाईलवर कुठेतरी 'माइंडफुलनेस', 'वर्तमानात जगा' असं ऐकलेलं असतं. मग प्रश्न येतो : "डॉक्टर, रोज ध्यान केलं तर गोळ्या बंद होतील ना?"

गोयंकांनी १९५५ साली रंगूनमध्ये जवळपास हाच प्रश्न घेऊन एका माणसाचं दार ठोठावलं होतं. त्यांना जे उत्तर मिळालं, ते आजच्या वैद्यकीय संशोधनाशी चांगलं जुळतं. म्हणून थोडा इतिहास बघू. त्यातूनच तुमच्या प्रश्नाचंही उत्तर निघेल.

आधी एक शब्द : भान

'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द या अर्थाने रूढ झाला तो १८८१ साली. पाली भाषेचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी 'सती' या पाली शब्दासाठी तो वापरला. सती म्हणजे संस्कृतातली स्मृती. इथे स्मृती म्हणजे जुन्या आठवणी नव्हेत. आपण आत्ता काय करतोय, शरीरात आणि मनात काय चाललंय, हे न विसरणं म्हणजे सती. मराठीत यासाठी हल्ली 'सजगता' लिहितात. पण आपल्याकडे रोजच्या बोलण्यातला एक नेमका शब्द आहेच : भान. 'भानावर ये', 'भान ठेव', 'भान हरपलं' असं आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. या लेखात मी तोच शब्द वापरणार आहे.

बुद्धाच्या उपदेशांपैकी 'सतिपट्ठान सुत्त' या सुत्तात भान कुठे कुठे ठेवायचं ते सांगितलं आहे. शरीर, वेदना, चित्त आणि मनात उठणाऱ्या गोष्टी, अशा चार जागा. यातला 'वेदना' शब्द नीट बघा. आज मराठीत वेदना म्हणजे दुखणं. पालीत मात्र वेदना म्हणजे कुठलीही जाणीव. ती सुखाची असू शकते, दुःखाची असू शकते, किंवा सुखाचीही नाही आणि दुःखाचीही नाही अशी असू शकते. पायाला मुंगी चावली तीही वेदना, उन्हातून आल्यावर माठातलं गार पाणी घशाखाली उतरलं तीही वेदना. जाणीव आधी येते, ती नकोशी किंवा हवीशी आपण नंतर करतो. दुखणं आणि दुखण्याचा जाच या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा पुढच्या सगळ्या गोष्टीचा गाभा या एका शब्दात दडलेला आहे.

हे सगळं आपल्यापासून फार लांब घडलेलं नाही. बोदवडहून जामनेर, पहूर करत फर्दापूरला गेलं की अजिंठा आलंच. सहलीला गेलात की चित्रं बघता, तशी एकदा बारा नंबरची लेणीही बघा. तिथे चित्रं नाहीत. मधे चौक आणि तीन बाजूंना बारा छोट्या खोल्या, प्रत्येक खोलीत दगडातच कोरलेले दोन ओटे, झोपायला. भिक्खूंचं हे वसतिगृह. पावसाळ्यात फिरायचं नाही, एका जागी राहायचं, असा त्यांचा वर्षावासाचा नियम होता. अशा विहारांतून अभ्यास आणि साधना पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिली. पुढे भारतातून बौद्ध परंपरा ओसरत गेली, लेण्यांवर रान माजलं आणि १८१९ साली शिकारीला आलेल्या एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेला ती पुन्हा पडली. लेणी सापडली, पण तिथल्या खोल्यांत जे शिकवलं जात होतं ते शिकवणारं इथे कुणी उरलं नव्हतं. ते शेजारच्या देशांत टिकून होतं.

ब्रह्मदेशात जपलेली ठेव

ते शोधायला आपल्याकडचा एक माणूस फार लवकर निघाला होता. गोव्यातल्या सांखवाळ इथे १८७६ साली जन्मलेले धर्मानंद कोसंबी. शाळेचं शिक्षण जेमतेम, घरची शेती. पण बुद्धाचं मूळ वाङ्मय वाचायचंच या ध्यासाने त्यांनी घर सोडलं. १९०२ साली ते सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला पोचले, तिथे पाली शिकले आणि पुढे ब्रह्मदेशात जाऊन ध्यानाचा अभ्यास केला. परत येऊन त्यांनी जे शिकले ते मराठीत लिहिलं. १९२५ साली त्यांचं 'समाधिमार्ग' हे पुस्तक आलं. श्वासाचं भान ठेवण्याची पद्धत, जिला 'आनापानस्मृती' म्हणतात, ती त्यात मराठीत समजावली आहे. अमेरिकेतल्या दवाखान्यात माइंडफुलनेसचा पहिला वर्ग भरायच्या पन्नासहून अधिक वर्षं आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा हे पाश्चात्त्य खूळ आहे असं कुणी म्हणालं, तर त्यांना कोसंबींचं नाव जरूर सांगा.

ब्रह्मदेशात त्या काळी एक मोठा बदल होत होता. तोपर्यंत ध्यान म्हणजे भिक्खूंचं काम, अशी समजूत होती. १८८५ मध्ये इंग्रजांनी ब्रह्मदेशाचा उरलेला भागही जिंकला, राजाचा आधार गेला, आणि आता धम्म टिकवायचा तर तो घराघरात गेला पाहिजे असं लेडी सयाडो (१८४६–१९२३) या विद्वान भिक्खूंना वाटलं. त्यांनी साध्या संसारी माणसांसाठी सोप्या भाषेत लिहिलं, शिकवलं. त्यांच्याकडून हे सया थेटजी नावाच्या एका शेतकऱ्याकडे आलं. आणि त्यांच्याकडून १९३७ साली ते शिकले एका सरकारी हिशेबनिसाने, ऊ बा खिन यांनी.

ऊ बा खिन भिक्खू नव्हते. घरदार, मुलंबाळं, नोकरी, सगळं होतं. १९४८ मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते देशाचे महालेखापाल झाले. १९५२ मध्ये त्यांनी रंगूनमध्ये ध्यानकेंद्र काढलं. दिवसभर सरकारी हिशेब आणि उरलेल्या वेळात ध्यान शिकवणं, असा त्यांचा दिनक्रम. 'संसारातून वेळ कुठे मिळतो?' असं वाटणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

१९५५ : एक नकार

आता गोयंकांकडे येऊ. घरचा मोठा व्यापार, तिशीतच समाजात नाव, आणि सोबतीला भयंकर अर्धशिशी. झटका आला की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. मॉर्फिन हे अफूपासून निघणारं औषध. ते वारंवार घेतलं की शरीराला त्याची सवय लागते, मग आजार राहतो बाजूला आणि औषधच आजार होऊन बसतं. हाच धोका डॉक्टरांनी त्यांना सांगितला. गोयंका इलाजासाठी स्वित्झर्लंड, जर्मनी, इंग्लंड, अमेरिका, जपान असे फिरून आले. उपयोग झाला नाही.

मग एका मित्राने ऊ बा खिन यांचं नाव सुचवलं. गोयंका भेटायला गेले आणि सरळ सांगितलं, अर्धशिशी बरी व्हावी म्हणून मला शिबिर करायचं आहे. ऊ बा खिन यांनी नकार दिला. ही विद्या शरीराचा एखादा आजार घालवण्यासाठी नाही, त्यासाठी दवाखाने आहेत. मनाला विकारांपासून सोडवायचं असेल तर या. त्यात शरीराला आराम पडला तर तो वरचा लाभ समजा, पण तेवढ्यासाठीच येणार असाल तर नको. असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

गोयंका सनातनी घरातले. बुद्धाच्या वाटेने जावं की नाही, या विचारात त्यांचे काही महिने गेले. शेवटी हेतू बदलून ते गेले आणि दहा दिवस बसले. पुढे आयुष्यभर त्यांनी सांगितलं की अर्धशिशी गेली आणि मॉर्फिनची गरज पुन्हा पडली नाही.

डॉक्टर म्हणून मी इथे थोडं थांबवतो. एका माणसाला आलेला गुण म्हणजे उपचाराचा पुरावा नव्हे. अर्धशिशीचे झटके वयानुसार, सवयीनुसार, कधी आपसूकही कमी होतात. एखादं औषध वारंवार घेतल्यामुळेच डोकेदुखी वाढलेली असेल, तर ते बंद झाल्यावर ती उतरू शकते. तेव्हा 'गोयंकांची गेली म्हणजे माझीही जाईल' असं गणित मांडू नका. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नकार. ऊ बा खिन असं का म्हणाले असतील?

विचार करून बघा. डोकं दुखू नये म्हणून तुम्ही डोळे मिटून बसलात. दोन मिनिटांनी मन विचारणार, 'कमी झालं का?' पाच मिनिटांनी पुन्हा, 'अजून का नाही?' म्हणजे बसलात श्वासाकडे बघायला आणि बघताय दुखण्याकडेच, तेही हिशेब मागत. दुखणं नको, ही ओढाताण जितकी वाढते तितके मानेचे, कपाळाचे स्नायू ताठतात, भीती वाढते आणि दुखणं मोठं वाटू लागतं. ध्यानात शिकायचं असतं ते नेमकं उलट : जे आहे ते आहे असं बघणं. 'बरं होण्याची' अट घालून बसलं की मूळ गोष्टच हातची जाते.

मुंबई, इगतपुरी आणि परत जगाकडे

साठच्या दशकात ब्रह्मदेशात लष्करी राजवट आली आणि उद्योगांचं राष्ट्रीयीकरण झालं. गोयंकांचे कारखाने गेले. १९६९ मध्ये आईच्या आजारपणामुळे त्यांना भारतात यायची परवानगी मिळाली. त्याच जुलैमध्ये मुंबईतल्या एका धर्मशाळेत त्यांनी पहिलं शिबिर घेतलं. शिबिरार्थी चौदा, त्यात त्यांचे आईवडीलही. महाराष्ट्रात तेव्हा बुद्धाचं नाव नवं नव्हतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो लोकांसह धम्मदीक्षा घेतली होती. पण दहा दिवस बसून शिकायची ही पद्धत मात्र बहुतेकांना नवीन होती.

१९७६ मध्ये इगतपुरीला धम्मगिरी केंद्रात शिबिरं सुरू झाली. भुसावळहून मुंबईला जाताना कसारा घाटाच्या अलीकडे जे इगतपुरी स्टेशन लागतं, तेच हे गाव. शिबिराचा क्रम आजही तोच आहे. पहाटे चारला उठायचं, कुणाशी बोलायचं नाही, पहिले तीन दिवस फक्त श्वास, आणि चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत शरीरातल्या जाणिवा क्रमाने बघत जायचं. जाणीव चांगली असो की वाईट, तिच्यामागे धावायचं नाही आणि तिला हाकलायचंही नाही. फी घेत नाहीत.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला बोधगयेत गोयंकांच्या शिबिरांना काही अमेरिकन तरुण-तरुणी येऊन बसत. त्यांच्यातल्या जोसेफ गोल्डस्टीन आणि शॅरन साल्झबर्ग यांनी परत जाऊन सहकाऱ्यांबरोबर मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या बॅरी गावात ध्यानकेंद्र काढलं. १९७९ मध्ये तिथल्या एका शिबिरात बसलेले असताना जॉन कबात-झिन या जीवशास्त्रज्ञाच्या मनात आलं : हे दवाखान्यातल्या पेशंटला का शिकवू नये?

त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात त्यांनी दहा आठवड्यांचा वर्ग सुरू केला. धर्माचे शब्द काढून टाकले, ध्यानाची पद्धत ठेवली. आठवड्यातून एकदा वर्ग, रोज घरी सुमारे पाऊण तास सराव. डोक्यापासून पायापर्यंत जाणिवा बघायची पद्धत तिथे 'बॉडी स्कॅन' झाली. डॉक्टरांनी पेशंट कोणते पाठवले? ज्यांची पाठ, मान, डोकं वर्षानुवर्षं दुखत होतं आणि ज्यांच्यासाठी आणखी काही करता येत नव्हतं असे. १९८२ मध्ये अशा ५१ पेशंटचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यातल्या ६५ टक्के लोकांच्या दुखण्याच्या मोजमापात किमान एक तृतीयांश घट होती. हा सुरुवातीचा अभ्यास होता, तुलनेला दुसरा गट नव्हता. पण दार उघडलं.

आता तुम्ही म्हणाल, ऊ बा खिन म्हणाले होते आजारासाठी येऊ नका, आणि कबात-झिन यांनी तर आजाऱ्यांनाच बोलावलं. वरवर बघता तसंच आहे. पण वर्गात शिरल्यावर पेशंटला काय सांगत? दुखणं घालवायचा प्रयत्न करू नका, ते कसं आहे, कुठे आहे, क्षणाक्षणाला कसं बदलतं तेवढं बघा. रंगूनमधला नकार असा उपचाराच्या आतच जाऊन बसला.

संशोधन काय सांगतं?

आजवर या विषयावर हजारो अभ्यास झाले. सगळे चांगले नाहीत. कामाचे काही सांगतो.

२०२१ मध्ये अमेरिकेत अर्धशिशीच्या ८९ पेशंटवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आठ आठवडे माइंडफुलनेस शिकवलं, निम्म्यांना डोकेदुखीविषयी शास्त्रीय माहिती दिली. महिन्यातले अर्धशिशीचे दिवस दोन्ही गटांत जवळपास सारखेच कमी झाले. म्हणजे झटके कमी करण्यात माइंडफुलनेस सरस ठरलं नाही. पण त्या गटात अर्धशिशीमुळे कामं अडणं कमी झालं, उदासी कमी झाली, 'आता माझं काही खरं नाही' असं दुखण्याला घाबरणं कमी झालं. डोकं दुखायचं तितकंच, पण आयुष्य कमी अडायचं. पुन्हा तेच : आजार जाईलच असं नाही, जाच कमी होऊ शकतो.

२०११ च्या एका छोट्या प्रयोगात १५ निरोगी माणसांना चार दिवस, रोज वीस मिनिटं ध्यान शिकवलं आणि पायाला चटका बसेल अशी उष्णता दिली. ध्यान करताना दुखण्याची तीव्रता सरासरी ४० टक्क्यांनी कमी जाणवली, तर त्याचा नकोसेपणा ५७ टक्क्यांनी. पालीतली 'वेदना' आणि मराठीतली 'वेदना' यांतलं अंतर प्रयोगशाळेत मोजता आलं म्हणा ना.

डिप्रेशनमध्ये, २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांना तीन किंवा जास्त वेळा डिप्रेशन येऊन गेलं होतं त्यांच्यात ते पुन्हा उलटण्याचं प्रमाण नेहमीच्या उपचारांत ६६ टक्के होतं, माइंडफुलनेसवर आधारित वर्गाची जोड दिल्यावर ३७ टक्के. चिंतेच्या आजारात, २०२२ मध्ये २७६ जणांवरच्या अभ्यासात आठ आठवड्यांचा वर्ग एस्सिटालोप्रॅम या नेहमीच्या औषधापेक्षा कमी पडला नाही.

आणि दुसरी बाजू. २०१४ मध्ये ४७ चाचण्या, ३,५१५ माणसं, एवढ्यांचा एकत्र आढावा घेतला गेला. चिंता, उदासी आणि दुखण्यात ध्यानाचा लहान ते मध्यम फायदा दिसला. व्यायाम, औषधं किंवा इतर मानसोपचार यांच्यापेक्षा ते वरचढ असल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमध्ये ८४ शाळांतल्या आठ हजारांहून जास्त मुलांपैकी सुमारे निम्म्यांना माइंडफुलनेस शिकवून बघितलं. २०२२ चे निष्कर्ष सांगतात की नेहमीच्या शिकवण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला नाही. तेव्हा उपयोग आहे, पण सर्व रोगांवरचा उतारा नाही.

'वर्तमानात जगा' म्हणजे काय नाही

इथे एक गैरसमज दूर करू. वर्तमानात जगायचं म्हणजे उद्याचा विचारच करायचा नाही, असं नव्हे. आपल्या भागात कपाशीचा भाव, पावसाचा खंड, बँकेचा हप्ता हे खरे प्रश्न आहेत. डोळे मिटून बसल्याने भाव वाढत नाही आणि हप्ता चुकत नाही. ज्याच्यावर कर्ज आहे त्याला 'तुम्ही फार विचार करता' असं म्हणणं हा उपचार नाही, अपमान आहे.

फरक असा आहे. विचारातून काही काम निघत असेल, म्हणजे उद्या बँकेत जायचं, अमुक माणसाला भेटायचं, विम्याचा अर्ज भरायचा, तर ते नियोजन. ते जरूर करा, कागदावर लिहून करा. पण रात्री दोन वाजता तेच वाक्य शंभराव्यांदा मनात फिरत असेल आणि त्यातून काहीच निघत नसेल, तर ते रवंथ. त्यात झोप जाते, बीपी वाढतं, घरच्यांवर चिडचिड होते आणि खरा प्रश्न सोडवायची ताकदच उरत नाही. भान ठेवायला शिकायचं ते या दोहोंतला फरक ओळखण्यासाठी.

मन भटकणं हा काही तुमचा एकट्याचा दोष नाही. २०१० मध्ये २,२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून फोनवरून विचारलं, आत्ता तुमचं मन हातातल्या कामात आहे का? सुमारे ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं, आणि मन दुसरीकडे असताना लोक कमी आनंदी होते. आपल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना हे कळायला फोन लागला नाही. पिकात शिरणाऱ्या, हाकललं तरी पुन्हा येणाऱ्या ढोरासारखं मन असतं, हे त्यांनी शेतात आणि जात्यावर काम करता करता पाहिलं होतं. ढोर पिकात शिरलं म्हणून कुणी शेती सोडत नाही. हाकलतं, आणि पुन्हा कामाला लागतं. ध्यानातही एवढंच करायचं असतं.

घरी काय करायचं?

• पाठ सरळ ठेवून बसा. मांडी जमत नसेल तर खुर्चीवर. गुडघेदुखी असणाऱ्यांनी हट्ट करू नये.

• नाकातून आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्या. श्वास मोठा करायचा नाही, रोखायचा नाही. हा प्राणायाम नाही.

• मन भटकलं की, 'भटकलं' एवढं ओळखून परत श्वासावर आणा. दहा मिनिटांत पन्नास वेळा आणावं लागलं तर पन्नास वेळा. परत आणणं हाच व्यायाम आहे.

• रोज दहा मिनिटं, किमान आठ आठवडे. एका दिवसात निकाल बघू नका. 'कमी झालं का?' हा प्रश्न मनात आला तर तोही एक विचार समजून सोडून द्या.

• रोजचं एक काम पूर्ण भानावर करा. भाकरी थापणं, दाढी करणं, जेवण, काहीही. त्या वेळी मोबाईल दुसऱ्या खोलीत.

ही काळजी घ्या

औषधं स्वतःहून बंद करू नका. बीपी, शुगर, फिट्स, डिप्रेशन यांच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर धोका आहे. ध्यानामुळे बरं वाटू लागलं तर तपासणीला या. डोस कमी करायचा की नाही ते आकड्यांवरून ठरवू.

डोकेदुखीसाठी महिन्यातून दहा-पंधरा दिवस वेदनाशामक गोळी लागत असेल, तर ती गोळीच डोकेदुखी वाढवत असू शकते. डॉक्टरांना सांगा. आयुष्यात कधी झाली नव्हती इतकी तीव्र डोकेदुखी एकाएकी सुरू झाली, सोबत ताप आणि मान आखडली, हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळलं, डोक्याला मार लागल्यानंतर दुखू लागलं, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच नव्याने डोकेदुखी सुरू झाली, तर ध्यान नाही, आधी दवाखाना.

दहा दिवसांच्या शिबिराला जाणार असाल तर अर्जात आजार लपवू नका. स्किझोफ्रेनिया, बायपोलर यांसारखा आजार असेल तर इतके दिवस मौनात बसण्याने तो उफाळू शकतो. केंद्रंही अशा वेळी नको म्हणतात. इन्सुलिन किंवा शुगरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी, तिथे रात्रीचं जेवण नसतं हे लक्षात घेऊन आधी डॉक्टरांशी डोस ठरवून घ्यावा. नाहीतर शुगर एकदम खाली जाऊ शकते.

आणि मनात जगणं नकोसं झाल्याचे विचार येत असतील, तर एकट्याने डोळे मिटून बसू नका. घरच्या कुणाला तरी सांगा, डॉक्टरांकडे या, किंवा टेली-मानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करा. तो दिवसरात्र चालू असतो.

तर, "ध्यान केलं तर गोळ्या बंद होतील ना?" होतील असं मी सांगू शकत नाही. रंगूनच्या त्या हिशेबनिसानेही तसं वचन दिलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांच्या संशोधनानंतरही ते देता येत नाही. गोळी घ्या आणि दहा मिनिटं बसाही. दुखणं कमी झालं तर तो वरचा लाभ. झालं नाही, तरी दुखण्याच्या दिवशीही मुलाशी बोलता आलं, चहाची चव कळली, रात्री थोडी झोप लागली, तर आठ आठवडे वाया गेले नाहीत असं समजा.